एका हातात सारा, दुसऱ्या हातात तगाई

१/ जागतिक व्यापार संघटनेच्या दप्तरी भारत सरकारने स्वतः नोंदवलेला एक आकडा आहे : उणे २४,४४२ कोटी रुपये. १९८६ ते १९८८ या पायाभूत काळात आपण आपल्या शेतीमालाला भावाच्या मार्गाने किती आधार दिला, या प्रश्नाचे ते अधिकृत उत्तर. आकड्याआधीचे ‘उणे’ ही छपाईची चूक नव्हे. आजचा धागा त्या उण्याच्या इतिहासाचा आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ हिशेबाची रीत सोपी होती. पिकाचा देशातला भाव घ्यायचा, त्यातून त्याच पिकाचा आंतरराष्ट्रीय भाव वजा करायचा आणि येणाऱ्या बाकीला उत्पादनाने गुणायचे. यादीत १९ पिके होती. भात, गहू, ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, भुईमूग अशी आपल्या ओळखीचीच. त्यांपैकी ऊस आणि तंबाखू वगळता एकाही पिकाचा देशी भाव जागतिक भावाच्या वर नव्हता. दुसऱ्या पारड्यात खत, वीज, पाणी, बियाणे आणि कर्ज यांवरची सारी अनुदाने टाकली. ती भरली ४,५८१ कोटी. दोन्हींची वजाबाकी करूनही शेतीच्या एकूण उत्पादनमूल्याच्या सुमारे १८ टक्के रक्कम उणेच उरली.

३/ तेवढी रक्कम जशीच्या तशी शेतकऱ्याच्या खिशातून गेली, असे मी म्हणणार नाही. भारताएवढा देश खुल्या बाजारात उतरला असता तर जागतिक भावही हलले असते. शिवाय हा हिशेब जवळपास चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. पण चिन्ह अधिकचे होते की उण्याचे, याविषयी वाद उरत नाही. ते खुद्द सरकारने लिहून दिले आहे. आणि तरीही त्याच काळात ‘शेतकरी आमच्या करांवर जगतो’ हे वाक्य आपल्या शहरी बोलण्यात रुळले. हे घडले कसे?

४/ ‘सबसिडी’ हा शब्द नवा आहे, व्यवहार जुना. जुन्या दप्तरांत त्याला ‘तगाई’ म्हणत. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामजी अनंत यांना लिहिलेले पत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. गावोगाव हिंडावे, कुळंबी गोळा करावे, ज्याच्या अंगात कष्टाचे बळ आहे पण बैल नाहीत वा पोटाला दाणे नाहीत त्याला ते पुरवावेत, आणि वसुली करताना व्याज न लावता मुद्दलच त्याला झेपेल तसतसे घ्यावे, असा त्याचा आशय. हे पत्र आपण कनवाळूपणाचा दाखला म्हणून वाचतो. ते तितकेच राज्यकारभाराच्या हिशेबाचेही आहे : राज्याने पैसा घालायचा तो लागवड वाढावी म्हणून, आणि लागवड वाढली की वसूल वाढतो. पेशवाईतला ‘इस्तावा’ याच जातीचा. पडीत जमीन उठवणाऱ्याला आरंभी माफी किंवा हलका सारा, मग वर्षागणिक चढती पायरी.

५/ (२०१७च्या कर्जमाफीला महाराजांचे नाव दिले गेले, २०१९च्या कर्जमाफीला महात्मा फुल्यांचे. नावाला हरकत नाही. पण रामजी अनंतांना गेलेली आज्ञा कुळाला उभे करण्याची होती. कुळ दर दहा वर्षांनी पुन्हा का आडवे होते, हे न विचारता खाते कोरे करण्याची नव्हती.)

६/ इंग्रजी अमलात तगाई राहिली, तिच्यामागचा विचार मात्र उलटला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस थांबला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपले, भाव उतरले. नेमक्या याच वेळी, १८६७च्या सुमारास, इंदापुरापासून तीस वर्षांची जुनी सारा-आकारणी बदलण्याचे काम सुरू झाले आणि तेजीच्या आठवणीवर नवा, भरघोस वाढीव सारा बसला. मंदीतल्या पिकावर तेजीतला कर.

७/ १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते कागद. खतपत्रे आणि रोखे यांच्या होळ्या झाल्या. सरकारने आयोग नेमला. सरकारच्या साऱ्यामुळे हे घडले का, हा प्रश्नही त्याच्यापुढे होता. आयोगाचे उत्तर : नाही, दोष सावकाराचा. त्यावर १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, मग १८८३ आणि १८८४ साली तगाई कर्जांचे दोन कायदे आले. त्या उठावाच्या कारणांविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत आणि सावकार काही संत नव्हता. पण उपायांची दिशा पाहा. सावकाराला कायदा, शेतकऱ्याला तगाई आणि साऱ्याला अभय.

८/ महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ याच दिवसांतला, १८८३चा. सरकारी साऱ्याला आणि पट्ट्यांना त्याने हात घातला, म्हणूनच तो तेव्हा अनेकांना रुचला नाही. एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्याने थोडे परत देऊन उपकारकर्ते व्हायचे, ही रीत त्या वेळी पक्की झाली. स्वातंत्र्यानंतर ती मोडली असेल असे आपल्याला वाटते. शाळेतल्या पुस्तकांनी तसे वाटायला लावले आहे.

९/ आता १९४६. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईतून एक कायदा जन्मला. त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते : अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा. १९४७च्या अखेरीस गांधीजींनी अन्नधान्यावरची नियंत्रणे उठवण्याचा आग्रह धरला. ती उठली आणि वर्षभरात परतली. १९५४च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नपदार्थ, चारा, कापूस आणि ताग यांवर कायदे करण्याचा केंद्राचा अधिकार कायमचा केला. १९५५ साली अत्यावश्यक वस्तू कायदा आला. नावातला ‘तात्पुरते’ हा शब्द तेवढा गेला. हे घटनादुरुस्तीचे प्रकरण कमी चर्चिले जाते. अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी तेथून सुरुवात करावी.

१०/ या कायद्याच्या आधारे सरकार साठ्यावर मर्यादा घालू शकते, वाहतूक रोखू शकते, लेव्ही घेऊ शकते. कागदोपत्री निशाणा व्यापाऱ्यावर. पण खरेदीदाराचे हात बांधले की भाव कोणाचा पडतो? सुगीत, सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो त्या दिवसांत, साठवणारा कोणी असावा ही सर्वाधिक गरज विकणाऱ्याची असते.

११/ १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८०चा करार झाला. रुपयांत फेडायचा स्वस्त गहू येऊ लागला आणि १९६६ साली धान्याची आयात एक कोटी टनांच्या पुढे गेली. दुष्काळी वर्षांत त्या गव्हाने जीव वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण दुष्काळ नसतानाही तो येत राहिला आणि देशी धान्याचा भाव दाबून ठेवत राहिला. कारखानदारीचा पाया घालायचा तर कामगाराची भाकरी स्वस्त हवी, असा त्या काळच्या नियोजनाचा स्वच्छ विचार होता. ती स्वस्ताई कोणी सोसायची, हे लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही.

१२/ म्हणजे, अगदीच लिहिले नाही असे नाही. जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ मो. ल. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. आयोगाला दिलेल्या कार्यकक्षेत शेतकऱ्याला उत्पादनासाठी प्रोत्साहन मिळावे, असे आहे. त्यासोबतच भाव ठरवताना राहणीमानाचा खर्च, मजुरीचे दर आणि उद्योगांचा खर्च यांवर होणारा परिणाम ध्यानात घ्यावा, असेही आहे. सिमेंटचा वा मोटारीचा भाव ठरताना शेतकऱ्याच्या राहणीमानावर काय परिणाम होईल, हे पाहणारा आयोग कधी नेमला गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

१३/ आता आपल्या घरचे उदाहरण : कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ साली कायदा झाला, १९७२-७३च्या हंगामापासून अंमल. महाराष्ट्रातला सर्व कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. हेतू उदात्त होता. व्यापाऱ्याची मधली मिळकत शेतकऱ्याच्या घरी जावी. ही मागणी शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचीच होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. केंद्रावर कापूस मोजून द्यायचा, काही पैसे हाती घ्यायचे आणि उरलेल्या चुकाऱ्याची वाट पाहायची.

१४/ आमच्या घरी विदर्भातल्या आजोबांची पत्र्याची पेटी आहे. तिच्यात त्या काळच्या खरेदी केंद्राच्या पावत्या आहेत, पिवळ्या पडलेल्या. दोन रात्री बैलगाडीखाली झोपून मिळालेला नंबर, प्रतवारीवरून झालेली हुज्जत, लग्नाच्या तिथीनंतर आलेला चुकारा. आजोबा यातले काही रागाने सांगत नसत. पाऊस सांगावा तसे सांगत.

१५/ योजनेची खरी परीक्षा राज्याच्या सीमेवर झाली. बाहेर भाव चढा असला की शेतकरी रात्री गाडी जुंपून शेजारच्या राज्यात कापूस नेई आणि स्वतःच्या शेतात पिकवलेल्या मालाचा चोरटा वाहतूकदार ठरे. बाहेर भाव पडला की उलटी गंगा वाहे : परराज्यातला कापूस इथल्या शेतकऱ्यांच्या नावावर केंद्रावर येई आणि तोटा तिजोरीच्या माथी. तेजीत शेतकरी बुडाला, मंदीत तिजोरी. २००२ साली खासगी खरेदीला वाट मिळाली आणि एकाधिकार संपला, तोवर तोटा हजारो कोटींच्या घरात गेला होता. तो सारा ‘कापूस उत्पादकांना दिलेले अनुदान’ म्हणून आजही मोजला जातो. सीमेवर जप्त झालेल्या गाड्या कोणत्या रकान्यात मोजायच्या?

१६/ खताची गोष्ट याहून बोधप्रद आहे, कारण अनुदानाचा सर्वांत मोठा वाटा तिथे जातो. १९७३च्या तेलसंकटानंतर खते महागली. १९७४ साली युरियाची सरकारी किंमत जवळपास दुप्पट झाली आणि वापर घसरला. मग मराठे समिती नेमली गेली व तिच्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९७७ पासून ‘रिटेन्शन प्राइस’ची पद्धत आली. म्हणजे काय? प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च निराळा धरायचा, त्यावर मालकाच्या भांडवलाला कर वजा जाता १२ टक्के परतावा धरायचा आणि येणारी किंमत त्या कारखान्याला हमीने द्यायची. शेतकऱ्याला विकण्याची किंमत वेगळी, सरकारने ठरवलेली. मधली तफावत म्हणजे सबसिडी.

१७/ नीट पाहा. ज्याचा खर्च जास्त त्याला अनुदान जास्त. जुने यंत्र, महाग कच्चा माल, ढिसाळ कारभार, सगळ्याची भरपाई. कारखाना काटकसरीने चालवण्याचे कारणच उरले नाही. पद्धतीचे नाव ‘शेतकऱ्यांसाठी खत अनुदान’, हमी मात्र कारखान्याच्या नफ्याची. १९८०-८१ मध्ये ५०५ कोटी असलेले हे अनुदान १९९०-९१ पर्यंत ४,३८९ कोटींवर गेले. कारखान्यागणिक किंमत देण्याची ही रीत थेट २००३ पर्यंत चालली.

१८/ १९९१ साली उद्योगांवरचे परवानाराज उठले. तो इतिहास तुम्हांला पाठ आहे. शेतीच्या वाट्याला काय आले? अर्थसंकल्पात खतांची किंमत ४० टक्क्यांनी वाढवण्याची घोषणा झाली. ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना सूट मिळाली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश यांची खते नियंत्रणमुक्त होऊन कडाडली. त्याच वेळी युरिया मात्र सरकारी किमतीत ठेवला, वर १० टक्क्यांनी स्वस्तही केला. उद्योगाच्या पायांतल्या बेड्या काढणाऱ्या वर्षांनी शेतीचा फक्त खर्च वाढवला. साठामर्यादा, निर्यातीवरचे निर्बंध, सगळे जागच्या जागी राहिले.

१९/ परिणाम जमिनीने भोगले. नत्र, स्फुरद, पालाश यांचे वापरातले प्रमाण साधारण ४:२:१ असावे, असे मानले जाते. १९९१-९२ मध्ये ते ५.९:२.४:१ होते. एका वर्षात ९.५:३.२:१ झाले. शेतकरी अडाणी म्हणून नव्हे. दुकानात जे स्वस्त दिसते ते घेणारा तो शहाणा गिऱ्हाईक होता. २०१० साली पोषणमूल्यावर आधारित अनुदानाची बरी पद्धत आली, तिच्यातूनही युरियाला वगळले. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलोची डीएपीची १,३५० रुपयांना मिळते. कोणते खत जास्त पडेल हे सांगायला कृषी पदवीधर लागत नाही.

२०/ २०१५-१६च्या आर्थिक पाहणीत सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी मांडले की युरियाच्या अनुदानापैकी सुमारे ३५ टक्केच अल्पभूधारकांपर्यंत पोहोचते. बाकीचे अकार्यक्षम कारखाने, मोठे शेतकरी आणि शेतीबाहेर पळवला जाणारा युरिया यांत मुरते. त्यात महाराष्ट्राचे दुखणे आणखी निराळे. खत पाण्यामागे जाते आणि आपल्या लागवडीपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याला पाणी आहे. बीडचा किंवा यवतमाळचा कोरडवाहू शेतकरी खताच्या राष्ट्रीय अनुदानात किती भागीदार असेल? २०२२-२३ साली हे अनुदान अडीच लाख कोटींच्या पुढे गेले. त्याच्या नावाने पावती फाडली गेली, माल दुसऱ्याच्या दारी उतरला.

२१/ २००८च्या केंद्रीय कर्जमाफीतही हेच घडले. पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची अट होती. बागायती भागात दोन हेक्टर म्हणजे सुखवस्तू घर. विदर्भाच्या मुरमाड रानात पाच हेक्टरांचा धनी कर्जात बुडालेला असतो. ज्या आत्महत्यांनी ती माफी देशाच्या विषयपत्रिकेवर आणली, तिथलेच अनेकजण पूर्ण माफीच्या बाहेर राहिले.

२२/ ‘उणे सबसिडी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राला शिकवला शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि जमाखर्च मांडून पाहिला तर तोटा. १९८०च्या नोव्हेंबरात ऊस-कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडले, गोळीबारात शेतकरी मेले. त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. खुल्या बाजारावरचा त्यांचा विश्वास भूमिहीन मजुराच्या दारापाशी तोकडा पडतो, असे मला वाटते. पण ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेतला अर्थविचार पुढे खुद्द सरकारच्या आकड्याने खरा ठरवला.

२३/ हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून सप्टेंबर २०२०. त्या आठवड्याची तारीखवार नोंद करून ठेवा. १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. १५ सप्टेंबरला लोकसभेने अत्यावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. शेतीमालाला नियंत्रणांतून मुक्त करणारी म्हणून तिचा गौरव झाला. ऑक्टोबर उलटण्यापूर्वी कांद्यावर साठामर्यादाही आली. पुढे तिन्ही कायदे मागे घेतले गेले. त्यांच्या बाजूचे आणि विरोधातले लोक अजून भांडतात. मला विचाराल तर पंजाबच्या शेतकऱ्याचा अविश्वास समजून घ्यायला लासलगावच्या त्या दोन दिवसांहून अधिक पुरावा लागत नाही. जो हात मोकळीक देतो तोच आदल्या दिवशी दार लावतो, तर मोकळिकीच्या कायद्यावर कोणी कशाला विसंबावे?

२४/ ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्य कायम ठेवून. तारखेचा आणि लोकसभा निवडणुकीचा संबंध वाचकांनी आपापला लावावा. त्या पाच महिन्यांत ज्याने उन्हाळ कांद्याच्या आशेवर रोप टाकले, त्याच्या हिशेबपट्टीवर आडत आणि हमाली छापलेली होती. दिल्लीच्या निर्णयाने किती गेले, त्याची ओळ पट्टीवर नसते.

२५/ आक्षेप ठाऊक आहेत. पहिला : भाव दाबले नाहीत तर गरीब खाणार काय? प्रश्न खरा आहे, किंबहुना सर्वांत खरा आहे. शेतमजूरही धान्य विकत घेतो. पण त्याला स्वस्त धान्य द्यायचे तर ते तिजोरीतून द्यावे, जिच्यात तुमचा, माझा आणि कारखानदाराचा कर जमतो. निर्यातबंदी हा असा कर आहे, जो फक्त कांदा पिकवणारा भरतो आणि ज्याचा लाभ मलबार हिलच्या स्वयंपाकघरालाही तितकाच होतो.

२६/ दुसरा : न्यूझीलंडने १९८४ साली सगळी अनुदाने बंद केली, तिथली शेती बहरली, आपणही करावे. हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. तिथे शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा जवळपास एक तृतीयांश भाग सरकारी आधाराचा होता. चिन्ह अधिकचे होते. त्यासोबत त्यांनी उद्योगांचे आयातसंरक्षणही उतरवले, चलन मोकळे सोडले, म्हणून शेतीचा खर्चही घटला. ओईसीडी आणि इक्रिअर यांच्या २०१८च्या अभ्यासात २००० ते २०१७ या काळातला भारतीय शेतीचा एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला, खत-विजेची अनुदाने धरूनही. जिथे चिन्ह उण्याचे आहे तिथे फक्त देणे बंद करून घेणे चालू ठेवायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

२७/ तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या मित्रांचा : युरियाला आणि वीजबिलाला हात लावू नका, तो शेतकऱ्याचा हक्क आहे. येथे मी त्यांच्याशी भांडणार. दाबलेल्या भावाची भरपाई स्वस्त युरियाने होत नाही. ज्याचा भाव पडला तो कोरडवाहू तूरवाला, आणि ज्याला युरिया मिळाला तो कालव्याकाठचा ऊसवाला. फुकट विजेचा लाभ ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाच. २००४ साली निवडणुकीआधी राज्यात मोफत वीज आली, २००५ साली गेली, २०२४ साली निवडणुकीआधीच पुन्हा आली. ज्याच्याकडे पंपच नाही त्याच्यासाठी या वीस वर्षांत काय बदलले?

२८/ म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घेणे थांबवायचे : निर्यातबंदी आणि साठामर्यादा यांचा अधिकार खऱ्या दुष्काळापुरता आणि संसदेला जबाबदार असावा. राष्ट्रहितासाठी निर्यात रोखायचीच असेल तर त्या हंगामाच्या उत्पादकाला फरकाची भरपाई द्यावी; धरणासाठी जमीन घेतो तेव्हा मोबदला देतोच की. त्यानंतर युरिया इतर खतांच्या रांगेत आणून बसवावा आणि वाचलेला पैसा एकरामागे थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्यावा, कोरडवाहू एकराला अधिक. तेलंगणाने २०१८ साली एकरी रक्कम सुरू केली, पण खंडाने कसणाऱ्याला वगळले. ओडिशाने बटाईदार आणि भूमिहीनांना सामावून घेण्याचा प्रयत्न केला. दोन्हींच्या चुका समोर आहेत, त्या पुन्हा करण्याचे कारण नाही. आपल्या सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव येत नाही, ही अडचण मोठी आहे आणि ती या मार्गात सर्वांत आधी लागेल.

२९/ एक लहान मागणी मात्र उद्यापासून अमलात येऊ शकते. दरवर्षी अर्थसंकल्पासोबत अनुदानांचे विवरण येते : खताला किती, अन्नाला किती. त्याच्या शेजारी दुसरा रकाना असावा. त्या वर्षी निर्यातबंदी, शुल्क, साठामर्यादा आणि ऐन सुगीत केलेली आयात यांमुळे कोणत्या पिकाच्या उत्पादकाचे किती गेले, याचा अंदाज त्यात द्यावा. हिशेबाची रीत सरकारला अवगत आहे; १९८६-८८चा आकडा त्यांनीच काढला होता. सुरुवात ८ डिसेंबर २०२३ या तारखेपासून करावी, पीक : कांदा.